जलनेती आणि नाकाची अ‍ॅलर्जी : पाण्याविषयी आवश्यक सावधगिरी

पावसाळा उतरू लागला की हुबळी-धारवाड परिसरातील रस्त्यांच्या कडा व मोकळ्या जागा गाजरगवताच्या पांढऱ्या फुलांनी भरून जातात. यालाच आपण काँग्रेस गवत म्हणतो. १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदले गेलेले हे परदेशी तण आज देशभर पसरले आहे. त्याचे परागकण व धूळ यांमुळे अनेकांस सकाळी उठल्याबरोबर शिंकांमागून शिंका येतात, नाक वाहते किंवा चोंदते आणि डोळ्यांस खाज सुटते. अशा त्रासावर जलनेती उपयुक्त ठरते. मात्र तिची योग्य रीत, आणि विशेषतः पाण्याविषयीची दक्षता, प्रत्येकाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

परंपरा

हठयोगप्रदीपिकेत धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली व कपालभाती अशी सहा शुद्धिकर्मे सांगितली आहेत. तेथील नेती ही सुताची आहे, पाण्याची नव्हे. घेरंडसंहितेतील व्युत्क्रम कपालभातीत नाकाने पाणी घेऊन ते मुखावाटे सोडण्यास सांगितले आहे. आजची जलनेती तिला जवळची आहे. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले व योगक्रिया प्रयोगाने तपासून घेण्याची दृष्टी दिली. त्याच दृष्टीने या क्रियेकडे पाहणे उचित होय.

लाभ कसा होतो?

नाकाच्या आतील ओलसर अस्तरावर परागकण व धूळ चिकटून बसतात. ज्याला अ‍ॅलर्जी आहे त्याच्या शरीरात त्यामुळे हिस्टामाइन नावाचे द्रव्य स्रवते व सूज, खाज, स्राव सुरू होतो. कोमट मिठाचे पाणी हे कण व घट्ट झालेला शेंबूड धुऊन नेते. २०१८ साली कॉक्रेन या संस्थेने १४ अभ्यासांचा आढावा घेतला. मिठाच्या पाण्याने नाक धुतल्यास तीन महिन्यांपर्यंत लक्षणे कमी होऊ शकतात, असे त्यात दिसले. मात्र पुरावा भक्कम नाही, हेही त्यात नमूद आहे. म्हणजे जलनेतीने आराम पडतो, अ‍ॅलर्जी मुळापासून जात नाही. वैद्यांनी दिलेले औषध परस्पर बंद करू नये.

पाणी कोणते वापरावे?

गोड्या पाण्यात, विशेषतः उबदार पाण्यात, नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा असू शकतो. असे पाणी प्यायल्याने हा आजार होत नाही. परंतु ते नाकात वर गेल्यास अमीबा गंधाच्या मज्जातंतूवाटे मेंदूपर्यंत पोहोचतो आणि होणारा आजार बहुधा प्राणघातक ठरतो. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात २०११ साली नळाचे पाणी नेतीपात्रातून वापरणाऱ्या दोन व्यक्ती याने दगावल्या. केरळातही २०२४ व २०२५ मध्ये अमीबाजन्य मेंदूज्वराचे रुग्ण आढळले. असा आजार क्वचितच होतो; पण तो टाळण्याचा उपाय इतका सोपा आहे की हयगय करण्यास कारण नाही.

आपल्या जुळ्या शहरांच्या अनेक भागांत नळास काही दिवसांआड पाणी येते व ते टाक्यांत साठवावे लागते. म्हणून नळाचे, टाकीचे, विहिरीचे किंवा तलावाचे पाणी थेट नेतीस वापरू नये. देवालयाच्या पुष्करिणीचे अथवा पवित्र नदीचे पाणीही यास अपवाद नाही. तीर्थाविषयीची श्रद्धा आपल्या ठिकाणी योग्यच आहे. पण नाकात घ्यावयाचे पाणी उकळलेलेच हवे. घरगुती फिल्टरमधून आलेले पाणीसुद्धा उकळून घ्यावे.

कृती

१. पाणी खळखळून तीन ते पाच मिनिटे उकळावे व झाकून कोमट होऊ द्यावे.
२. अर्धा लिटर पाण्यात साडेचार ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट पाऊण चमचा, स्वच्छ बारीक मीठ विरघळवावे. मिठाचे प्रमाण चुकल्यास नाकात झोंबते.
३. मोरीवर वाकून मान एका बाजूस कलती करावी, तोंड उघडे ठेवून तोंडानेच श्वास घ्यावा. वरच्या नाकपुडीत नेतीपात्राची तोटी लावून पाणी हळूहळू सोडावे. ते खालच्या नाकपुडीतून बाहेर येते. या वेळी बोलू नये.
४. निम्मे पाणी संपल्यावर दुसऱ्या बाजूने हीच क्रिया करावी.
५. शेवटी पुढे वाकून दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून हळुवार श्वास सोडावा. जोराने शिंकरल्यास पाणी कानाकडे जाऊ शकते.
६. पात्र उकळलेल्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करावे. प्रत्येकाचे पात्र वेगळे असावे.

कोणी करू नये?

नाकातून रक्त येत असल्यास, कान दुखत असल्यास, नाक पूर्ण बंद असल्यास अथवा नाकाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असल्यास डॉक्टरांना विचारल्याखेरीज जलनेती करू नये. लहान मुलांस ती परस्पर करवू नये. नेतीनंतर काही दिवसांत तीव्र डोकेदुखी, ताप, उलट्या वा मान ताठणे असे काही जाणवल्यास त्वरित रुग्णालय गाठावे व नाकात पाणी घेतल्याचे आवर्जून सांगावे.

घरातील वडीलधाऱ्यांनी ही क्रिया इतरांस शिकविताना आधी पाणी उकळण्यास शिकवावे, नेती त्यानंतर.