जहाजांच्या गोदीवरची घरे : माल्मोचे वेस्त्रा हाम्नेन

स्वीडनच्या दक्षिण टोकाला, ओरेसुंद सामुद्रधुनीच्या काठी माल्मो शहर आहे. त्याच्या पश्चिमेचा वेस्त्रा हाम्नेन हा भाग म्हणजे समुद्रात भराव घालून मिळवलेली जमीन. कोकुम्स कंपनीची गोदी इथेच होती. १८४० मध्ये यंत्रशाळा म्हणून निघालेली ही कंपनी विसाव्या शतकाच्या मध्याला जगातल्या मोठ्या जहाजबांधणी कारखान्यांत गणली जाई. सत्तरच्या दशकातील तेलसंकटानंतर तेलवाहू जहाजांची मागणी आटली आणि १९८६ मध्ये व्यापारी जहाजे बांधणे थांबवण्याचे ठरले. त्याच जागी आलेला साबचा मोटार कारखानाही १९९१ मध्ये बंद पडला. मागे राहिली दूषित माती आणि १३८ मीटर उंचीची प्रचंड क्रेन.

ओरेसुंद पूल २००० मध्ये खुला झाला. त्याच्या बांधणीत या क्रेनने शेवटचे मोठे काम केले होते. २००१ मध्ये तिच्या नजरेच्या टप्प्यात ‘बो-०१’ हे गृहनिर्माण प्रदर्शन भरले. तंबू-मांडवांचे प्रदर्शन नव्हते ते. लोकांनी राहायला यायची खरीखुरी वस्ती होती. मुख्य वास्तुरचनाकार क्लास थाम यांच्यापुढचा पहिला प्रश्न वाऱ्याचा होता. गोदीला मोकळा किनारा सोयीचा, घराला मात्र तोच वारा सोसत नाही. म्हणून समुद्राकडे उंच इमारतींची रांग उभी राहिली आणि तिच्या आडोशाला बुटकी घरे व मुद्दाम वाकड्यातिकड्या ठेवलेल्या गल्ल्या आल्या.

ऊर्जेची व्यवस्था जागेनेच सुचवल्यासारखी आहे. भरावाखाली चुनखडीचा पाणी धरणारा थर आहे. उन्हाळ्यात त्यातले गार पाणी उपसून इमारती थंड करतात आणि कोमट झालेले पाणी पुन्हा खाली सोडतात. हिवाळ्यात उष्मापंप तीच ऊब वर काढतो. समुद्राच्या पाण्यातूनही उष्णता घेतली जाते. पंपाची वीज जवळच्या बंदरातील २ मेगावॉटच्या पवनचक्कीची. छपरांवर सुमारे १,४०० चौरस मीटर सौर उष्णतासंग्राहक आहेत. ‘शंभर टक्के स्थानिक, नवीकरणीय ऊर्जा’ हा दावा मात्र वर्षाच्या जमाखर्चावर उभा आहे. वस्ती शहराच्या वीज व उष्णताजाळ्याला जोडलेलीच आहे आणि कमीजास्त तिथूनच भागते.

बांधकाम व्यावसायिकांना ३५ हरित उपायांच्या यादीतून किमान १० निवडावे लागत. वटवाघळांसाठी पेट्याही त्या यादीत होत्या. पावसाचे पाणी गटारात न दडवता उघड्या पन्हळींतून वाहते. जहाजे जिथून पाण्यात सोडली जात, त्या उतारावर पुढे स्केटबोर्डचे मैदान झाले. क्रेन मात्र राहिली नाही. २००२ मध्ये ती एका डॉलरला दक्षिण कोरियाच्या ह्युंदाई कंपनीला विकली गेली आणि उल्सानला पोहोचली. २००५ मध्ये सँटियागो कालात्रावा यांचा १९० मीटर उंचीचा, पिळा दिलेला ‘टर्निंग टोर्सो’ हा निवासी मनोरा पूर्ण झाला. आता तोच शहराची खूण आहे.

कागद आणि प्रत्यक्ष यांत तफावत पडलीच. दर चौरस मीटरला वर्षाकाठी १०५ किलोवॉट-तास ही ऊर्जावापराची मर्यादा होती; मोजणीत अनेक इमारती तिच्या पुढे गेल्या. समुद्र दिसावा म्हणून लावलेल्या मोठ्या काचांचा त्यात वाटा होता. देखावा आणि ऊब यांत बहुतेकांनी देखावा निवडला, हे समजण्यासारखे आहे. पुढे याच भरावावर फुलरिगारेनसारख्या नव्या वस्त्या झाल्या. तिथे जाड भिंती आणि हवाबंद सांधे यांवर अधिक भर देण्यात आला, आणि काही इमारती ‘पॅसिव्ह हाउस’ या अगदी कमी उष्णतेवर भागणाऱ्या घरांच्या पद्धतीने बांधल्या गेल्या.