गादी झोडणारी काठी आणि धूळ ओढणारें यंत्र

वऱ्हाडांतील घरांत धूळ कोठून येते हें कोणास विचारावें लागत नाहीं. चैत्र-वैशाखांत अकोला आणि अमरावती या दोन्ही शहरांभोवतीची काळी जमीन भेगाळते आणि तिच्यावरून येणारा वारा इतकी बारीक माती आणतो कीं, खिडक्या लावून घेतल्या तरी संध्याकाळीं मेजावर बोटानें नांव लिहितां येतें. कापसाच्या हंगामांत जिनिंगच्या बाजूस हवेंत तंतू तरंगतात ते निराळेच. मेजावरची धूळ फडक्यानें निघते. बैठकीच्या गादींत, लोड-तक्क्यांत आणि हल्लींच्या कोचांत शिरलेली निघत नाहीं. ती काढण्याचा धंदा करणाऱ्या माणसाच्या हातीं कोणतें हत्यार असावें, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. गिऱ्हाइकाचें कापड आणि त्या माणसाची छाती, दोन्ही त्याच्या उत्तरावर अवलंबून असतात.

सर्वांत जुनें हत्यार काठी. गच्चीवर ऊन दाखवून गाद्या झोडण्याच्या रिवाजास हंसण्याचें कारण नाहीं. घरांतील धुळींत राहणारी, डोळ्यांस न दिसणारी एक कीड पुष्कळांच्या दम्याच्या मुळाशीं असते, हें १९६० नंतरच्या दशकांत हॉलंडमधील लायडन येथील संशोधकांनीं दाखवून दिलें. या किडीस दमट हवा लागते; वैशाखाचें कोरडें ऊन तिला मानवत नाहीं. तेव्हां आजीबाईंचें औषध खरेंच होतें, आणि फुकटही. परंतु काठी धूळ हलविते, धरीत नाहीं. बंद खोलींत कोच झोडला कीं उडालेली धूळ घटकाभरानें पुन्हां त्याच कोचावर बसते; मधल्या वेळांत कांहीं झोडणाऱ्याच्या नाकांत गेलेली असते. जाणते लोक कोचावर पिळून काढलेली ओली चादर पसरतात आणि तिच्यावरून झोडतात. धूळ चादरीस चिकटते. ही युक्ति लहान आहे. पण तींत पुढील सर्व यंत्रांचें तत्त्व आहे.

पिंजारी याहून वरच्या पायरीचा. त्याच्या पिंजणाची तांत रुईंत थरथरली कीं दबलेले गोळे सुटतात, रुई फुलून येते आणि माती व सरकीचे तुकडे खालीं पडतात. गादी आंतून स्वच्छ करणारा कारागीर तो एकच; खोळ न उसवतां हें काम कोणतेंही यंत्र करूं शकत नाहीं. दातेरी पिंपाचें पिंजणयंत्र काम झपाट्यानें उरकतें, मात्र जुन्या रुईचे तंतू त्यांत तुटतात. खिळ्यांनीं ठोकलेल्या, काथ्या, स्प्रिंगा किंवा फोम भरलेल्या कोचापुढें मात्र पिंजाऱ्याचा इलाज चालत नाहीं.

तेथें ओढणारें यंत्र लागतें. १९०१ सालीं लंडनमधील ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंजिनियरनें धूळ फुंकून उडविणारें एक यंत्र पाहिलें आणि त्यास शंका आली कीं, फुंकण्याऐवजीं ओढलें तर? एका उपाहारगृहांत खुर्चीच्या मखमली पाठीवर रुमाल ठेवून त्यानें तोंडानें हवा ओढली. रुमालाच्या खालच्या अंगास काळा डाग उमटला. त्याचें यंत्र घोड्याच्या गाडीवरून येई, रस्त्यांत उभें राही आणि खिडकींतून लांब नळ्या घरांत शिरत. घरांत मावणारें यंत्र अमेरिकेंतील ओहायो प्रांतांत जेम्स मरे स्पँग्लर यानें बनविलें. १९०८ त त्यास पेटंट मिळालें. तो स्वतः एका दुकानांत झाडलोट करणारा होता आणि त्यास दमा होता. झाडणाऱ्याच्याच धापेंतून हें यंत्र निघालें, ही गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहींत.

आज बाजारांत यंत्राची थोरवी वॅटच्या आंकड्यानें सांगतात. वॅट म्हणजे यंत्र किती वीज खातें. किती ओढतें हें नव्हे. धंदेवाइकानें दोन गोष्टी विचाराव्या: किती हवा वाहते, आणि तोंड बंद केल्यास पाण्याचा स्तंभ किती उंच चढतो. कोचाच्या जाड कापडांतून धूळ किंवा ओल काढण्यास दुसरा गुण अधिक लागतो. गाळणीही पाहावी. एक मायक्रॉनहून बारीक धूळ अडविणारी हेपा गाळणी नसेल, तर पिशवींत गेलेली माती मागच्या झरोक्यानें पुन्हां खोलींत येते आणि दिवसांत चार घरें करणारा मनुष्य चार घरांची धूळ गिळतो. हातांतील तोंड चारेक इंच रुंद असावें. सांदीसाठीं चपटें तोंड आणि मखमलीसाठीं मऊ केसांचा ब्रश निराळा.

दुसरें यंत्र पाणी फवारून लगेच ओढून घेणारें. चिकट मळ, तेलकट डाग, लहान मुलांच्या सांडलवंडी यांस तेंच लागतें. परंतु खरें नुकसान होतें तें याच यंत्रानें. सुती कापडांत पाणी जास्त मुरलें तर वाळतांना तपकिरी डाग वर येतो. रेयॉनची मखमल चुरगळते. आंतील काथ्या श्रावण-भाद्रपदांत चार दिवस ओला राहून बुरसतो. म्हणून फवारा किती जोराचा हें न पाहतां ओढ किती जोराची हें पाहावें, आणि एकदां फवारलें कीं दोन-तीनदां नुसतें ओढावें. ज्या तोंडास पारदर्शक खिडकी असते तें घ्यावें. पाणी येणें थांबलें हें तींतून दिसतें. वाफेचें यंत्र किडीस मारतें, पण मळ काढीत नाहीं. तें जोडीस ठेवावें, एकट्यानें नव्हे.

वऱ्हाडांत आणखी एक अडचण आहे, जी यंत्राच्या माहितीपत्रकांत छापलेली नसते. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत विहिरींचें पाणी खारट. असें पाणी यंत्रांत घातलें तर साबण फेसाळत नाहीं, तापविणाऱ्या नळीवर पापुद्रा चढतो आणि कोच वाळल्यावर गडद कापडावर पांढुरकी झांक राहते. गिऱ्हाइकास वाटतें, साफ करणाऱ्यानें कापड बिघडविलें. अकोल्यास काटेपूर्णेचें किंवा अमरावतीस ऊर्ध्व वर्धेचें नळाचें पाणी मिळत असतां बोअरचें पाणी वापरणें ही काटकसर महागांत पडते. बाहेरगांवीं काम असेल तर गोड्या पाण्याचे दोन डबे गाडींत बरोबर न्यावे आणि कोणत्याही कोचास हात लावण्यापूर्वीं मागच्या अंगास, जेथें कोणी पाहत नाहीं तेथें, ओलें पांढरें फडकें दाबून रंग सुटतो कीं काय तें पाहावें. रंग सुटला तर ओलें यंत्र गाडींतून खालीं उतरवूंच नये.