फुकटचा गॅस, झकास वाइन!

नाशिककरांनो, वाइनरीची टूर झाली, टेस्टिंग झालं, सेल्फीही झाला. पण एका टाकीतली वाइन दुसऱ्या टाकीत जाते कशी, माहीत आहे का? खरी धमाल तिथेच आहे!

व्हिलन नंबर वन: हवा!
तयार वाइनला ऑक्सिजन जास्त लागला की रंग काळवंडतो, वास उडतो. वर ॲसिटिक बॅक्टेरिया ऑक्सिजनवर ताव मारून तिचा व्हिनेगर करायला टपलेलेच. म्हणून ट्रान्सफर करायची ती हवेला ‘नो एंट्री’ ठेवूनच.

यीस्टची बंपर ऑफर
लिटरभर द्राक्षरसात साधारण २०० ग्रॅम साखर. ती फस्त करताना यीस्ट किती कार्बन डायऑक्साइड सोडतं, माहीत आहे का? तब्बल ५० लिटरच्या आसपास! हा गॅस हवेच्या दीडपट जड. फसफसणाऱ्या टाकीची गॅस-नळी रिकाम्या टाकीच्या तळाशी सोडायची. गॅस खालून भरत जातो, हवा वरून बाहेर. सिलिंडरचा खर्च? शून्य!

फुंकरीएवढं प्रेशर
याच गॅसच्या दाबाने वाइन ढकलताही येते. ती एक मीटर वर चढवायला फक्त ०.१ बार दाब पुरतो. धडधाकट माणसाने जोर लावून फुंकलं तर जवळपास तेवढाच दाब तयार होतो! पण फुंकू नका हं, फुंकरीत ऑक्सिजनही असतो आणि जंतूही.

दोन नळ्या, एक चक्कर
जगभरातल्या होमब्रूअर्सचा, म्हणजे घरी बिअर बनवणाऱ्यांचा, लाडका जुगाड: भरलेलं पिंप वर, रिकामं खाली. एका नळीतून बिअर उतरते, दुसरीतून खालचा गॅस वर परततो. दोन्हीकडे दाब सारखा, त्यामुळे फेसही आटोक्यात. पंपाचं काम गुरुत्वाकर्षण करतं, तेही बिनपगारी!

कुकरचे सहा भाऊ
स्पार्कलिंग वाइनच्या बाटलीत ५ ते ६ बार दाब असतो, म्हणजे घरच्या कुकरच्या पाच-सहा पट! १९व्या शतकात शॅम्पेनच्या तळघरांतले कामगार लोखंडी मुखवटे घालून वावरायचे, कारण बाटल्या फटाफट फुटायच्या. आपल्याकडे सुला ही फसफस बनवते आणि २०१३ मध्ये शाँदोंनेही नाशिकची स्पार्कलिंग बाजारात आणली. अब्ज बुडबुडे, पत्ता दिंडोरी!

सोड्याचं माहेर
याच गॅसचं सोडा वॉटर कुठे सुचलं, माहीत आहे का? बिअरच्या कारखान्यात! १७६७ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सला जोसेफ प्रीस्टली यांनी आंबणाऱ्या पिंपावर पाण्याचं भांडं टांगलं आणि पाणी चुरचुरीत झालं. पुढे १८७२ मध्ये हायरम कॉड यांनी गोटीच्या बाटलीचं पेटंट घेतलं. आपल्या गोटी सोड्यातली गोटी तोंडाशी घट्ट बसते ती आतल्या गॅसच्या दाबानेच!

थांबा, रेड सिग्नल!
काचेची बरणी किंवा साधा प्लास्टिकचा कॅन दाबाखाली कधीच घ्यायचा नाही, स्फोट होऊ शकतो. सेफ्टी व्हॉल्व्ह हवाच. बंद खोलीत साचलेला कार्बन डायऑक्साइड जीव घेतो. आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात लायसन्सशिवाय घरी वाइन-बिअर बनवणं हा गुन्हा आहे. तेव्हा प्रयोग लायसन्सवाल्यांचे, मजा आपली!

जानेवारी ते मार्च हा नाशिकच्या द्राक्षतोडणीचा सीझन. तेव्हा टूरला जा, टाकीवरचा प्रेशर गेज शोधा आणि गाइडला बिनधास्त विचारा, “ट्रान्सफरला कुठला गॅस वापरता?”