मरेक रोग : विषाणूचा सूक्ष्म आरएनए आणि कोंबडीतील गाठी

कोलकात्याच्या बागबाजारातील गॅलिफ स्ट्रीटवर दर रविवारी पाळीव पशुपक्ष्यांचा बाजार भरतो. याच परिसरात १७४२ मध्ये मराठ्यांच्या स्वारीच्या धास्तीने खंदक खणला गेला; स्वारी मात्र शहरावर आलीच नाही. ठिकठिकाणचे पक्षी एकत्र येणाऱ्या कोणत्याही बाजारात आज धास्ती हवी ती न दिसणाऱ्या शत्रूची. कोंबड्यांपुरता त्यांतील एक म्हणजे मरेक रोगाचा विषाणू.

हंगेरीचे पशुवैद्य योझेफ मरेक यांनी १९०७ मध्ये या रोगाचे प्रथम वर्णन केले. एक पाय पुढे, एक मागे टाकून पडलेली कोंबडी पशुपालकांच्या परिचयाची आहे. शवविच्छेदनात यकृत, प्लीहा, अंडाशय यांवर गाठी दिसतात. हा टी-पेशींचा कर्करोग होय.

पेशीत सुमारे बावीस घटकांचे सूक्ष्म आरएनए असतात. ते स्वतः प्रथिन घडवीत नाहीत. इतर जनुकांच्या संदेशांना चिकटून त्यांपासून प्रथिन बनणे रोखतात. कोंबडीच्या पेशीतील ‘मिर-१५५’ हा त्यांपैकीच एक. त्याचे प्रमाण वाढले, की पेशींच्या वाढीवरचे लगाम सैल होतात. मरेकचा विषाणू ‘मिर-एम४’ नावाचा स्वतःचा सूक्ष्म आरएनए बनवितो आणि त्याचा संदेश ओळखणारा भाग ‘मिर-१५५’सारखाच असतो. प्रथिन नसल्याने त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडेही तयार होत नाहीत. माणसातील कापोसी अर्बुदाच्या विषाणूनेही हीच नक्कल साधली आहे, हे विशेष.

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हा एकच आरएनए काढून टाकलेला विषाणू कोंबड्यांत वाढला, परंतु गाठी निर्माण करू शकला नाही. त्या जागी कोंबडीचाच ‘मिर-१५५’ बसविताच गाठी पुन्हा दिसू लागल्या. याहून स्पष्ट पुरावा क्वचितच मिळतो.

विस्तार कार्यकर्त्यांनी एक गैरसमज दूर करावा. मरेकची लस गाठी रोखते, संसर्ग नव्हे. लसीकरण झालेली कोंबडीही पिसांच्या कोंड्यातून विषाणू बाहेर टाकते आणि शेडच्या धुळीत तो महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून एक दिवसाच्या पिलांना उबवणूक केंद्रातच लस टोचून घ्यावी, प्रतिकारशक्ती येईपर्यंतचा पहिला आठवडा त्यांना मोठ्या कोंबड्यांपासून पूर्ण वेगळे ठेवावे आणि जुने तूस काढून शेड धुतल्याशिवाय नवी तुकडी आत घेऊ नये. बाजारातून आणलेला पक्षी थेट कळपात सोडणे तर टाळावेच.