जागतिक युवा विजेती नागपूरची अल्फिया; पण ऑलिम्पिकमध्ये तिचा वजनगटच नाही!

नागपूरच्या अल्फिया पठाणने एप्रिल २०२१ मध्ये पोलंडमध्ये झालेल्या जागतिक युवा बॉक्सिंग स्पर्धेत ८१ किलोंवरील गटाचं सुवर्णपदक जिंकलं. अंतिम लढतीत तिने मोल्दोवाच्या दारिया कोझोरेझला ५-० असं हरवलं. त्या स्पर्धेत भारतीय मुलींनी ७ सुवर्णपदकं पटकावली.

पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, कझाकस्तानमधील एलोर्डा चषकात तिने २०१६ची जगज्जेती लज्जत कुंगेइबायेवालाही ५-० नेच नमवलं.

मग अडचण काय?
जागतिक स्पर्धेत असलेला हा गट ऑलिम्पिकमध्ये नाही. पॅरिस २०२४ मध्ये महिलांचे ६ गट होते. सर्वांत वरचा ७५ किलोंचा. पुरुषांना मात्र ९२ किलोंवरील गट होता. लॉस एंजेलिस २०२८ मध्येही महिलांची मर्यादा ७५ किलोच आहे.

वजन घटवलं तर?
वजनासोबत ठोशातली ताकद कमी होण्याची भीती असते. शिवाय खालच्या गटातल्या बॉक्सर जास्त चपळ असतात.

व्यावसायिक बॉक्सिंगचं काय?
तिथे महिलांचा हेवीवेट गट आहे. अमेरिकेच्या क्लॅरेसा शील्ड्सने ७५ किलो गटात २ ऑलिम्पिक सुवर्णपदकं जिंकली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती हेवीवेटची निर्विवाद विजेती ठरली. पण लढतीचं स्वरूप वेगळं आहे. ऑलिम्पिकमध्ये ३ मिनिटांच्या ३ फेऱ्या, तर व्यावसायिक महिलांच्या किताबी लढतीत साधारणतः २ मिनिटांच्या १० फेऱ्या. म्हणजे दम टिकवण्याची तयारी नव्याने करावी लागते.