खेळाडूच्या वाणीवर हक्क कोणाचा?

पंचाची शिटी वाजली म्हणजे सामना संपला, अशी पूर्वीं समजूत होती. धंदेवाईक फुटबॉलमध्यें आतां तसें राहिलेलें नाहीं. घामानें भिजलेल्या खेळाडूस उसंत मिळते न मिळते, तोंच त्याच्यापुढें मायक्रोफोन येतो. पाठीमागें जाहिरातींनीं भरलेली फळी उभी असते. आणि पांच मिनिटांपूर्वीं ज्याच्या पायाकडून चूक घडली, त्यानेंच तिचें स्पष्टीकरण लक्षावधि लोकांस द्यावें, अशी अपेक्षा असते. मोठ्या स्पर्धांतून ही अपेक्षा केवळ रूढि नसून नियमावलींतील कलम असतें, आणि तें मोडणारास दंड होतो. खेळाडू पायांनीं खेळण्याचा पगार घेतो. मग त्याची जीभहि करारांत येते काय, हा आजचा विषय आहे.

बीडसारख्या जिल्ह्यास हा प्रश्न परका वाटण्याचें कारण नाहीं. धंदेवाईक फुटबॉलचा मोठा क्लब येथें नाहीं हें खरें; परंतु आष्टी तालुक्यांतील मांडव्याच्या अविनाश साबळे यानें २०२२ सालीं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेंत तीन हजार मीटर स्टीपलचेसचें रौप्यपदक मिळविलें; पाटोद्याच्या राहुल आवारे यानें २०१८ सालीं गोल्ड कोस्ट येथें कुस्तींत सुवर्णपदक मिळविलें; आणि बीडच्याच सचिन धस या तरुणानें २०२४ सालीं एकोणीस वर्षांखालील क्रिकेट विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यांत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावा काढल्या. खेळ कोणताहि असो, पदकामागोमाग वार्ताहर दाराशीं येतोच. तेव्हां फुटबॉलमध्यें जो वाद आज पिकला आहे, तो उद्यां या जिल्ह्यांतील घरांतहि येऊन बसणार आहे.

हें कलम कोठून आलें हें समजण्यास धंदेवाईक खेळाचा जमाखर्च पाहावा लागतो. पूर्वीं क्लबाचा चरितार्थ बहुतांशीं दारावरील तिकिटांवर चाले. आतां मोठा पैसा येतो तो प्रक्षेपणाचे हक्क विकून आणि जाहिरातदारांकडून. भारतीय फुटबॉल महासंघानें २०१० सालीं आपले व्यापारी हक्क पंधरा वर्षांकरितां ७०० कोटि रुपयांस दिले. एवढी रक्कम मोजणारा केवळ नव्वद मिनिटांचा खेळ विकत घेत नाहीं. सामन्यापूर्वींची उत्सुकता आणि सामन्यानंतरची चर्चा याहि त्यास हव्या असतात. खेळाडूचा पगारहि याच व्यवहारावर अवलंबून असतो. म्हणून मुलाखत हा चाकरीचाच भाग आहे, असें संयोजक म्हणतात. आणि तें म्हणणें सर्वस्वीं चूक नाहीं. शिवाय पदरचे पैसे खर्चून आलेल्या प्रेक्षकासहि पराभवाचें कारण विचारण्याचा कांहीं अधिकार आहे. वार्ताहर हा त्याचा प्रतिनिधि होय.

परंतु या नियमाची दुसरी बाजू २०२२ सालच्या कतार येथील विश्वचषकांत उघडी पडली. जर्मन कप्तानास भेदभावाविरुद्धचा रंगीत पट्टा दंडावर बांधून खेळावयाचें होतें. फिफा या जागतिक संघटनेनें शिक्षेची ताकीद देऊन तें थांबविलें. तेव्हां २३ नोव्हेंबर रोजीं जपानविरुद्धच्या सामन्यापूर्वीं छायाचित्र काढतांना अकराहि जर्मन खेळाडूंनीं आपापल्या तोंडावर हात ठेवले. आपली वाचा बंद करण्यांत आली आहे, असा त्याचा अर्थ होता. पुढें चारच दिवसांनीं स्पेनशीं सामना होता. त्यापूर्वींच्या पत्रकार परिषदेस प्रशिक्षक हान्सी फ्लिक एकटेच आले. लांबच्या प्रवासाचा शीण नको म्हणून त्यांनीं खेळाडूस बरोबर आणलें नाहीं. पण प्रशिक्षकासमवेत एक खेळाडू असलाच पाहिजे, असा नियम होता. फिफानें जर्मन संघटनेस १०,००० स्विस फ्रँक दंड केला. एकाच आठवड्यांत एकाच संघास प्रथम ‘बोलूं नका’ आणि मग ‘बोला’ असें बजावण्यांत आलें. दंडाची रक्कम क्षुल्लक होती, प्रश्न क्षुल्लक नव्हता. वाणी खेळाडूची, पण ती केव्हां उघडावी आणि केव्हां मिटावी, हें दुसऱ्यानें ठरवावयाचें, हा तो प्रश्न.

येथें एक भेद नीट ध्यानांत घेतला पाहिजे. नियम हजेरीची सक्ति करूं शकतो; मन उघडें करण्याची सक्ति त्यास करतां येत नाहीं. अमेरिकन फुटबॉल हा निराळा खेळ. त्यांतील मार्शॉन लिंच या खेळाडूस वार्ताहरांशीं बोलण्याचें टाळल्याबद्दल पूर्वीं मोठा दंड झाला होता. जानेवारी २०१५ मध्यें अंतिम सामन्यापूर्वींच्या भेटीस तो वेळेवर हजर राहिला, आणि आपण केवळ दंड टाळण्यासाठीं आलों आहों, एवढेंच उत्तर प्रत्येक प्रश्नास देत राहिला. नियम पाळला गेला. वार्ताहरांच्या हातीं कांहींच लागलें नाहीं. टेनिसपटु नाओमी ओसाका हिची गोष्ट याहून गंभीर आहे. मनःस्वास्थ्याचें कारण सांगून तिनें २०२१ सालीं पॅरिसच्या स्पर्धेंत पत्रकार परिषदेस जाण्याचें नाकारलें. तिला १५,००० डॉलर दंड झाला, पुढें याहून कडक शिक्षेची ताकीद मिळाली, आणि दुसऱ्याच दिवशीं तिनें स्पर्धा सोडली. ज्या खेळाचा गाजावाजा व्हावा म्हणून नियम केला, त्या खेळानेंच आपली एक श्रेष्ठ खेळाडू त्या वेळीं गमावली.

आपल्याकडेहि अशीं उदाहरणें आहेत. महामारीमुळें इंडियन सुपर लीगचे सामने गोव्यांत भरविण्यांत आले होते, त्या काळांत, फेब्रुवारी २०२२ मध्यें, एका सामन्यानंतर मैदानाबाहेर जातांना संदेश झिंगन याच्या तोंडून स्त्रियांस कमी लेखणारे उद्गार निघाले. ती मुलाखत नव्हती. पण कॅमेरा चालू होता, आणि त्यास जाहीर क्षमा मागावी लागली. मौनाचा हक्क मागणारानें बोललेल्या शब्दाची जबाबदारीहि घेतली पाहिजे, हें त्यावरून दिसतें. पुढें ३ मार्च २०२३ रोजीं बंगळूर येथें सुनील छेत्री याच्या वादग्रस्त गोलानंतर केरळ ब्लास्टर्सचा संघ प्रशिक्षकासह मैदान सोडून गेला. महासंघाच्या शिस्तपालन समितीनें क्लबास चार कोटि रुपये दंड केला, आणि जाहीर क्षमा न मागितल्यास तोच दंड सहा कोटि होईल असें ठरविलें. मैदान सोडण्याबद्दल शिक्षा योग्यच. पण दोन कोटींच्या धाकानें मागितलेल्या क्षमेंत पश्चात्ताप किती आणि हिशेब किती, हें कोणीं सांगावें?

याच्या अगदीं उलट प्रकार २०२५ सालीं घडला. वर सांगितलेला पंधरा वर्षांचा करार संपत आला, नवा होईना, आणि जुलै महिन्यांत लीगचा पुढील हंगाम थांबविण्यांत आला. तेव्हां नोव्हेंबरमध्यें खेळाडूंनीं संयुक्त निवेदन काढून आपणांस खेळावयाचें आहे असें जाहीरपणें सांगितलें. कोणतेंहि कलम त्यांस बोलावयास लावीत नव्हतें. पोटाचा प्रश्न लावीत होता. सक्तीच्या शंभर मुलाखतींत जें वजन नसतें, तें या थोडक्या शब्दांत होतें.

यावरून निर्णय काय निघतो? करार केला असेल तर खेळाडूनें हजर राहावें, विचारलेल्या रास्त प्रश्नास सभ्यपणें उत्तर द्यावें, आणि जेथें बोलणें अशक्य असेल तेथें तसें स्पष्ट सांगावें. संघटनेनेंहि आजारी किंवा खचलेल्या खेळाडूस सवलत द्यावी. आणि जी संस्था जाहिरातीसाठीं त्याचें तोंड उघडविते, तिनें त्याच्या गाऱ्हाण्याच्या वेळीं तें दाबूं नये. बोलण्याची सक्ति आणि बोलण्याची बंदी हीं दोन्ही शस्त्रें एकाच हातीं असणें धोक्याचें आहे.

राहिला घरचा आणि शाळेचा भाग. २०२४ सालीं पॅरिस येथें साबळे हा ऑलिंपिक स्टीपलचेसच्या अंतिम फेरींत पोहोंचलेला पहिला भारतीय पुरुष ठरला; तेथें त्याचा क्रमांक अकरावा आला. आठ मिनिटें अडथळे ओलांडून आलेल्या माणसास ‘पदक कां नाहीं?’ असें विचारणें फार सोपें आहे. ज्या जिल्ह्यांतून हजारों कुटुंबें दरसाल ऊसतोडीस बाहेर जातात, तेथील मुलास तालीम मिळते ती धावण्याची, कुस्तीची, फलंदाजीची. चारचौघांत उभें राहून स्वतःची बाजू मांडण्याची नाहीं. ती तालीम शाळेंतच आणि आपल्या मराठींतच देतां येईल. मग करारावर सही करण्यापूर्वीं मुलगा त्यांतील बोलण्यासंबंधींचें कलमहि वाचील, आणि त्याच्या वतीनें दुसऱ्यानें बोलण्याची पाळी येणार नाहीं.