उमरीच्या मीटरला रेंज येते का?

रीडिंग घ्यायला माणूस येणार नाही, विजेचा स्मार्ट मीटर स्वतःच आकडे पाठवणार, एवढं आता सगळ्यांच्या कानावर आलंय. पण पाठवणार कशावरून? नांदेड जिल्ह्यातल्या उमरीसारख्या तालुक्यात खरी मेख इथेच आहे, आणि चर्चा मात्र चालते ती फक्त बिल वाढेल का याची.

आयएस १६४४४ या भारतीय मानकाने एकच वाट ठरवून दिलेली नाही. मीटरमध्ये सिम घाला, ते मोबाइल टॉवरवरून थेट सर्व्हरशी बोलेल. नाहीतर परवाना न लागणाऱ्या ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला छोटा रेडिओ बसवा. मग हा मीटर शेजारच्याला, तो त्याच्या पुढच्याला निरोप देतो, आणि खांबावरची पेटी सगळे निरोप गोळा करून पुढे धाडते. विजेच्या तारेतूनच निरोप पाठवायचीही सोय आहे.

गावठाणात भिंतीला भिंत लागून घरं, तिथे रेडिओची साखळी छान जमते. शेतातल्या आखाड्यावरच्या एकट्या घराला मात्र निरोप द्यायला शेजारीच नाही; तिथे सिम हवं, म्हणजे रेंज हवी. शिवाय डीपी (रोहित्र) बंद पडली की साखळीतले सगळेच मीटर एकदम अंधारात जातात. टॉवरला निदान बॅटरी तरी असते. रेंज गेली म्हणून युनिट हरवत नाहीत, हेही सांगायला हवं. मीटर नोंदी साठवतो आणि संपर्क आला की पाठवतो. वेळेनुसार झालेल्या या नोंदींना आता पैशाचं मोल आहे. १ जुलै २०२५ पासून राज्यात स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत मिळते.

माझ्या मते, निरोप कशावरून जातो यापेक्षा तो कुठल्या भाषेत जातो हे मोठं. ब्रिटनमध्ये पहिल्या पिढीचे मीटर घेतलेल्या अनेकांनी वीज कंपनी बदलली आणि मीटर मुके झाले. पुन्हा हाताने रीडिंग सुरू. आपल्याकडे आयएस १५९५९ ने डीएलएमएस ही जगभर चालणारी भाषा बांधून दिली, ते बरं झालं.

रेडिओचा भाग मीटरमध्येच पक्का बसवा किंवा सुटा ठेवा, मानकाला दोन्ही चालतं. मला सुटाच बरा वाटतो. उद्या ४जी बंद झालं तर मीटर तसाच ठेवून तेवढा भाग बदलता येईल. तो कुणाच्या खर्चाने बदलायचा, हे मात्र कंत्राटात पाहावं लागेल.